उघडलेल्या डायलॉगची सेटिंग मागून बदलता येते का? (काट्याच्या नोंदीचं पान, जेक्वेरी यूआय)

काट्यावरची · शनिवार, रात्री ९:५२

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही शेतकरी गटाचा कापूस एका शेडमध्ये गोळा करून पुढे पाठवतो. सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली, वेचा सुरू झाला, की रोज दहा-पंधरा गाड्या काट्यावर लागतात. वहीत खाडाखोड फार व्हायची, म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी शिकत शिकत एक वेब पान तयार केलं. सकाळी टोकन दिलं की प्रत्येक शेतकऱ्याची ओळ तक्त्यात तयार होते. गाडी आली की त्या ओळीवर क्लिक करायचं, एक पेटी उघडते, तिच्यात वजन आणि ओलावा भरायचा आणि 'जतन करा' दाबायचं. ही पेटी जेक्वेरी यूआय या तयार जावास्क्रिप्ट संचातला डायलॉग आहे, आवृत्ती १.१२.

अडचण ओलाव्यापाशी आहे. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव असतो आणि १२ च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. इथून भरून नेलेली गाडी तिथून परत आली तर भाडं दुप्पट, आणि शेतकऱ्याचा अख्खा दिवस पाण्यात. म्हणून १२ च्या वरचा आकडा टाकला की उघड्या पेटीतच तीन गोष्टी व्हायला पाहिजेत. शीर्षक बदलून 'ओला कापूस' असं यावं. 'जतन करा' जाऊन 'पुन्हा मोजा' आणि 'वाळवायला ठेवा' ही बटनं यावीत. आणि मागचं पान अडावं, घाईत दुसऱ्याच ओळीवर बोट पडू नये. एरवी मागचं पान मोकळंच लागतं, कारण माझ्या बाजूला बसलेला मुलगा त्याच तक्त्यात बघून पुढचं टोकन पुकारतो.

शीर्षकासाठी मी पेटीच्या डिव्हचं (पानाच्या कोडातल्या तिच्या चौकटीचं) टायटल ॲट्रिब्युट जावास्क्रिप्टने बदललं. वरची पट्टी होती तशीच राहिली, उलट पेटीवर माऊस नेला की नवं शीर्षक एका बारक्या चौकटीत तरंगायला लागलं. मग कुठेतरी वाचून मागचं पान अडवणारं मोडल हे सेटिंग उघड्या पेटीवर ट्रू केलं, काहीच झालं नाही. पेटी बंद करून उघडली तेव्हा मागे राखाडी पडदा आला. म्हटलं जमलं. ओलावा उतरल्यावर मोडल फॉल्स केलं तर पडदा जाईना. पेटी बंद केली तरी पडदा तसाच, मागे कुठेच क्लिक होईना. पान रिफ्रेश करावं लागलं आणि भरलेलं वजन गेलं. तेव्हा काट्यावर गाडी उभी होती.

एकदा उघडलेल्या पेटीची सेटिंग मागून बदलता येते की नाही, एवढंच आधी कळू द्या. कोड देवनागरीतच लिहून सांगितला तरी चालेल, मी कीबोर्डवर बरोबर टाकून घेईन.


रानपाखरू · शनिवार, रात्री १०:१५

ताई, सरळ बंद करून नव्या सेटिंगने परत उघडा. मी तसंच करतो. डोळ्याला एक झटका दिसतो, पण काम होते.


जुनी पाटी · शनिवार, रात्री ११:०४

ताई, बदलता येते. पण सगळी सेटिंगं एकाच वेळी वाचली जात नाहीत. तुमच्या तिन्ही तक्रारी त्याच एका गोष्टीतून आल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डायलॉग तयार होतो तेव्हा तो डिव्हचं टायटल ॲट्रिब्युट एकदाच वाचतो, स्वतःजवळ ठेवतो आणि डिव्हवरून काढून टाकतो. त्यानंतर डिव्हवर काही लिहिलं तर डायलॉगला त्याचा पत्ताच नसतो. ते साधं ॲट्रिब्युट आहे, म्हणून ब्राउझर त्याची तरंगती चौकट दाखवतो. तुम्ही पाहिली ती तीच.

डायलॉगशी बोलायचं तर त्याच्याच मेथडने बोला. डायलॉग मेथडला तीन गोष्टी द्यायच्या. पहिली, 'ऑप्शन' हा शब्द, अवतरण चिन्हांत. दुसरी, सेटिंगचं नाव, उदाहरणार्थ 'टायटल'. तिसरी, नवी व्हॅल्यू. तिसरी दिलीच नाही तर आत्ता काय सेटिंग आहे ते परत मिळतं. आणि दोन-चार सेटिंगं एकदम बदलायची असतील तर 'ऑप्शन' नंतर एकच ऑब्जेक्ट द्या, त्यात सगळी.

आता कोणतं सेटिंग केव्हा वाचलं जातं ते बघा. टायटल, बटन्स, विड्थ, हाइट, पोझिशन, ड्रॅगेबल, रिसाइझेबल ही बदलली की डायलॉग त्याच क्षणी स्वतःला दुरुस्त करतो, उघडा असला तरी. विड्थ, हाइट किंवा बटन्स बदललं तर तो माप घेऊन पुन्हा मधोमधही बसतो, वेगळं सांगावं लागत नाही. पण पेटीच्या आतला मजकूर तुम्ही बदलला आणि त्याने उंची वाढली, तर ते डायलॉगला कळत नाही, पेटी खाली लोंबलेली राहते. तेव्हा पोझिशनची आत्ताची व्हॅल्यू वाचून तीच परत द्यायची, की पेटी जागेवर येते.

काही सेटिंगं फक्त उघडताना वाचली जातात. शो, म्हणजे उघडतानाची हालचाल, हे त्यातलं, आणि ओपन या घटनेवर लावलेलं फंक्शनही. पेटी उघडून झाल्यावर ती लावली तर ती पुढच्या खेपेलाच चालतील. उलट हाइड आणि क्लोजचं फंक्शन बंद होताना बघितलं जातं, म्हणून पेटी उघडी असताना लावलं तरी वेळेत पोहोचतं.

मोडलचं दुखणं वेगळं आहे. पडदा बनतो पेटी उघडताना, आणि तोही त्या क्षणी मोडल ट्रू असेल तरच. उघड्या पेटीवर ट्रू केलं तर पडदा बनवायची वेळ होऊन गेलेली असते, म्हणून तुम्हाला काही दिसलं नाही. पडदा काढला जातो बंद करताना, पण तिथेही तो आधी विचारतो की मोडल आत्ता ट्रू आहे का. तुम्ही मध्येच फॉल्स केलं होतं. त्याने बघितलं, फॉल्स आहे, म्हणजे पडदा नसणारच, आणि तसाच पुढे गेला. पडदा पोरका होऊन पानावर राहिला.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्लोज, मग मोडल बदला, मग ओपन. पडदा आणायचा असो की काढायचा, क्रम तोच. रानपाखरू यांनी सांगितलं ते मोडलपुरतं बरोबर आहे, बाकी सेटिंगांना बंद करायची गरज नाही. एक सांभाळा, क्लोजच्या फंक्शनमध्ये तुम्ही वजनाचे रकाने रिकामे करत असाल तर मधल्या या बंद होण्यातही ते रिकामे होतील. तिथे एक खूण ठेवून 'हे खरं बंद करणं नाही' असं त्याला कळू द्या.


काट्यावरची · रविवार, सकाळी ६:४०

दादा, रात्रीच करून पाहिलं. शीर्षक बदललं, अगदी उघड्या पेटीत. मोडलचा क्रमही जमला, आणि हो, क्लोजमध्ये रकाने रिकामे होतच होते, ते तुमच्यामुळे आधीच कळलं.

बटनांत एक झालं. मी नवी दोन बटनं दिली तर माझं जुनं 'रद्द करा' गायब झालं. मला वाटलं ती जुन्यांत मिळतील.


जुनी पाटी · रविवार, सकाळी ७:२५

मिळत नाहीत. बटन्स दिलं की जुनी सगळी जाऊन नवी बसतात, त्यामुळे 'रद्द करा' दर वेळी यादीत लिहायचं. बटनं ॲरेच्या रूपात द्या, प्रत्येकाला टेक्स्ट, क्लिक आणि आयडी. आयडी दिला की नुसतं एखादं बटन निकामी करायचं असेल तेव्हा सगळी यादी बदलावी लागत नाही, त्या आयडीवरून बटन धरून डिसेबल्ड करता येतं. 'जतन करा' दाबल्या दाबल्या ते निकामी करा आणि सर्व्हरचं उत्तर आलं की परत चालू. आपल्याकडे नेट रेंगाळते, माणूस दोनदा दाबतो, मग नोंदही दोनदा होते.


कोरडवाहू · रविवार, सकाळी ९:१०

मी पण याच रस्त्यावर अडकून आहो. सोयाबीनच्या पोत्यांचा हिशोब ठेवायचं पान हाय. तुम्ही सांगतलं तसं ऑप्शन वापरलं तं कन्सोलमध्ये लाल अक्षरात येते की डायलॉग तयार व्हायच्या आधी मेथड बोलावता येत नाही. पेटी तं डोळ्यासमोर उघडी हाय, मग तयार काऊन नाही म्हणते?


जुनी पाटी · रविवार, सकाळी ९:३८

भाऊ, ज्या डिव्हवर डायलॉग बनवला त्याच डिव्हला धरून बोलताय का ते बघा. डायलॉग बनला की त्या डिव्हच्या बाहेर आणखी एक चौकट चढते, तिच्यातच वरची पट्टी आणि खालची बटनं असतात. बरेच जण त्या बाहेरच्या चौकटीला धरून ऑप्शन बोलावतात. तिला डायलॉग म्हणून काही माहीतच नसतं, म्हणून हा लाल मजकूर. आधी कुठे डायलॉग डिस्ट्रॉय केला, म्हणजे मोडून टाकला असेल तरीही हेच येतं.

आणि डायलॉग हे फंक्शनच नाही असा मजकूर आला तर पानात जेक्वेरी दोनदा घेतली आहे का ते तपासा. दुसरी जेक्वेरी आली की पहिलीला जोडलेलं यूआय तिच्याकडे नसतं.


कोरडवाहू · रविवार, सकाळी १०:०२

बाहेरचीच चौकट धरली होती. झालं. आभार दादा.


मोहफूल · रविवार, दुपारी १२:३०

काट्यावरची ताई, एक विचारू का? आज नव्याने काम हाती घेतलं असेल तर ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग टॅग का वापरत नाही? मार्च २०२२ पासून फायरफॉक्स आणि सफारीतही तो आला, क्रोममध्ये तर २०१४ पासूनच आहे. जेक्वेरी यूआय २०२१ पासून फक्त दुरुस्तीपुरती सांभाळली जाते, त्यात नवीन काही होणार नाही. डायलॉग टॅगला बाहेरून काही जोडावं लागत नाही, आतलं शीर्षक म्हणजे साधा मथळा, तो केव्हाही बदला. बटनंही आपलीच.

पडद्याचा नियम मात्र तिथेही तसाच कडक आहे. साधं शो करून उघडलेल्या डायलॉगवर शोमोडल, म्हणजे पडद्यासकट उघडणं, बोलावलं तर एरर येते. आधी क्लोज, मग शोमोडल. फरक इतकाच की इथे चुकलं तर तो तोंडावर सांगतो, पडदा मागे सोडून जात नाही.


काट्यावरची · रविवार, दुपारी १:१५

मोहफूल ताई, करीन नक्की, पण हंगाम उतरल्यावर. आत्ता रोज गाड्या लागतात, चालतं पान मुळापासून बदलायची हिंमत नाही.


पैनगंगाकाठ · रविवार, दुपारी ३:४५

थोडं बाजूचं विचारतो. मी पावती छापायला विंडो ओपनने वेगळी खिडकी उघडतो. ती उघडल्यावर तिची रुंदी, वरची पत्त्याची पट्टी वगैरे बदलता येते का?


मोहफूल · रविवार, दुपारी ४:०५

माप आणि जागा बदलता येते, रिसाइझटू आणि मूव्हटूने, पण खिडकी तुमच्याच स्क्रिप्टने उघडलेली पाहिजे आणि तिच्यात एकच टॅब पाहिजे. पट्ट्या वगैरे उघडताना जे सांगितलं तेच, मागून बदलत नाहीत. पावतीसाठी खिडकीपेक्षा छापायची वेगळी सीएसएस (पान कसं दिसावं त्याचे नियम) लिहिलेली बरी.


काट्यावरची · सोमवार, रात्री १०:५०

आज जे झालं ते इथे लिहिलंच पाहिजे, कारण पेटी मी तुम्हा सगळ्यांच्या मदतीने बनवली आणि चूक माझ्या हातून झाली.

संध्याकाळी गाड्या संपल्यावर मी रोज पानावरची बेरीज आणि काट्याच्या छापील पावत्यांची बेरीज जुळवते. आज पानावर माल कमी दिसला. फरक नेमका २ क्विंटल ८५ किलोचा. दोनदा बेरीज केली, तोच आकडा. मग पावत्या एकेक बाजूला लावल्या. २ क्विंटल ८५ ची पावती एकच निघाली, एका म्हाताऱ्या काकांची. पानावर त्यांच्या ओळीत ३ क्विंटल ४० किलो. आणि त्यांच्या मागून आलेल्या, दिवसाच्या शेवटच्या गाडीची ओळ कोरी. ३ क्विंटल ४० हे वजन त्या शेवटच्या गाडीचं होतं.

म्हणजे शेवटच्या गाडीचं वजन काकांच्या ओळीवर जाऊन बसलं आणि काकांचं पुसलं गेलं.

मला अजून नीट कळत नाही की हे कसं झालं. शेवटची गाडी आली तेव्हा पेटीत नाव त्यांचंच होतं, मी स्वतः वाचलं. शीर्षक बरोबर, वजन बरोबर, बटन 'जतन करा'. दाबलं, पेटी बंद झाली. मग शेड झाकायच्या घाईत लागले, तक्त्यात मागे वळून पाहिलं नाही.

काकांच्या वेळी वेगळं एवढंच झालं होतं की पहिल्यांदा ओलावा १४ आला. पेटीने बटनं बदलली, शीर्षक बदललं, सगळं जसं पाहिजे तसं. मग दुसऱ्या गठ्ठ्यातून दोनदा मोजला तर ११ निघाला, पेटी परत 'जतन करा'वर आली आणि मी जतन केलं. तेव्हा त्यांच्या ओळीत २ क्विंटल ८५ च दिसलं होतं, हे मला पक्कं आठवते.

दुरुस्ती रात्रीच केली, पावत्या हातात होत्या म्हणून. पण माझं मन लागत नाही. काकांचं वजन वाढून लागलं असतं आणि दुसऱ्याचं शून्य. पैसे वाटायच्या दिवशी हे निघालं असतं तर लोकांनी गटावर विश्वास का ठेवावा? वहीत खाडाखोड तरी दिसत होती.


रानपाखरू · सोमवार, रात्री ११:०५

ताई, त्याच दिवशी सापडलं, हे मोठं आहे. रोज बेरीज जुळवता म्हणून सापडलं. बटनांचा कोड इथे लिहा.


काट्यावरची · सोमवार, रात्री ११:२०

असं आहे. पान उघडताना डायलॉग एकदाच बनतो, ऑटोओपन फॉल्स, म्हणजे आपोआप उघडत नाही. त्या वेळच्या 'जतन करा' बटनात 'चालूनोंद' नावाचा व्हेरिएबल बघून जतन होतं. ओळीवर क्लिक केलं की चालूनोंद बदलते, पेटीतलं नाव बदलते, मग ओपन. ओलाव्याचं फंक्शन मी वेगळं लिहिलं. त्याला त्या वेळच्या ओळीचा नंबर देते, आणि ते ओलावा बघून बटन्स ऑप्शन बसवते. १२ च्या वर असेल तर ओल्याची बटनं, आकडा खाली आला तर 'जतन करा'. त्या 'जतन करा'च्या क्लिकमध्ये फंक्शनला दिलेला नंबरच वापरते.


जुनी पाटी · मंगळवार, पहाटे ५:३५

ताई, झोप लागली नसेल म्हणून उठल्या उठल्या लिहितो.

तुमच्या पेटीला दोन 'जतन करा' आहेत, दिसायला सारखी. पहिलं, पान उघडतानाचं, ते दाबताना चालूनोंद विचारतं, म्हणून समोर जो शेतकरी असेल त्याच्याच ओळीवर लिहितं. दुसरं, ओलावा उतरल्यावर बसलेलं, ते जन्मलं तेव्हा त्याला जो नंबर मिळाला तो त्याने कायमचा पकडला. जावास्क्रिप्टचं फंक्शन बनतं त्या वेळचे व्हेरिएबल धरून ठेवतं, तसंच हे. काकांसाठी बनलं, काकांचाच नंबर धरून बसलं.

पेटी बंद केल्याने हे बटन जात नाही. क्लोज म्हणजे फक्त लपवणं. मागून बसवलेलं प्रत्येक सेटिंग पुढच्या उघडण्यालाही तसंच असतं. शेवटच्या गाडीला नाव नवं दिसलं, कारण ते तुम्ही क्लिकमध्ये बदलता. बटन काकांचंच राहिलं. त्यानंतर आणखी चार गाड्या कोरड्या आल्या असत्या तर चारही काकांच्या ओळीवर एकावर एक चढल्या असत्या.

पहिल्या दिवशी मी कोणतं सेटिंग केव्हा वाचलं जातं ते सांगितलं, पण किती वेळ टिकतं ते सांगितलं नाही. तुमचा कोड मागून घ्यायला पाहिजे होता. हे माझ्याकडून राहिलं.

आता दुरुस्ती. पेटी उघडणारं फंक्शन एकच ठेवा आणि ओपनच्या आधी त्याच्यात टायटल, बटन्स, मोडल, विड्थ सगळं एका ऑब्जेक्टमध्ये दर वेळी नव्याने द्या. मागच्या शेतकऱ्याचं काही उरलं असेल तर त्याच्यावर नवं लिहिलं जाईल. बटनात नंबर पकडू नका. ओळीचा नंबर डिव्हवरच डेटा मेथडने ठेवा आणि दाबलं त्या क्षणी तिथून वाचा. मग बटन कधी बनलं याने फरक पडत नाही. तिसरं सर्व्हरवर करा. जतन करताना ओळीच्या नंबरासोबत टोकन नंबरही पाठवा, पेटीत दिसतो तोच. दोन्ही एकाच शेतकऱ्याचे नसतील तर नोंद घ्यायचीच नाही आणि पेटीत तसं दाखवायचं. आणि एकदा वजन भरलेल्या ओळीवर दुसरं वजन चढू द्यायचं नाही, दुरुस्तीची वाट वेगळी ठेवायची.


मोहफूल · मंगळवार, सकाळी ८:१०

यात एक जोडते. बटनावर नुसतं 'जतन करा' नको. ज्या ओळीवर लिहायचं, त्या ओळीतूनच नाव आणि पेटीतून वजन घेऊन बटनाचा मजकूर बनवा: 'अमुक काका, ३ क्विंटल ४० किलो, जतन करा'. वजनाच्या रकान्यात आकडा बदलला की मजकूरही बदलायचा. मग बटन चुकीच्या ओळीला धरून असेल तर चुकीचं नाव बटनावरच दिसेल, आणि दाबणारा थांबेल.


कोरडवाहू · मंगळवार, सकाळी ८:४०

माह्या पानातही असंच हाय, बटन मागून बसवते. आजच तपासतो. ताई, तुम्ही सांगतलं नसतं तं मले कधी कळलंच नसतं.


पैनगंगाकाठ · मंगळवार, सकाळी ९:१५

ताई, शेतकऱ्यांना सांगितलं का? मी आमच्या गटाचा हिशोब बघतो म्हणून विचारतो. चूक दुरुस्त झाली तरी सांगून ठेवलेलं बरं, कोणाच्या फोनवर मेसेज गेला असेल तर घरात वेगळाच आकडा बसतो.


काट्यावरची · बुधवार, रात्री ९:२०

काल काम झालं. उघडायचं फंक्शन एकच ठेवलं, सगळी सेटिंगं दर वेळी नव्याने. नंबर डिव्हवर ठेवला. मग मुद्दाम बिघडवून पाहिलं: एका ओळीवर ओलावा १४ टाकला, ११ वर आणला, जतन केलं, मग दुसरी ओळ उघडून जतन केलं. दुसऱ्याच ओळीवर गेलं. असं आठ वेळा वेगवेगळ्या क्रमाने केलं. सर्व्हरवर टोकनची तपासणी घातली आणि हाताने खोटं टोकन पाठवून पाहिलं, नोंद नाकारली.

पैनगंगाकाठ दादा, तुमचं वाचून मंगळवारी दुपारीच काकांच्या घरी गेले. मेसेज त्यांच्या नातवाच्या फोनवर आला होता, ३ क्विंटल ४०. काका म्हणाले, "मले वाटलंच होतं बाई, एवढा कापूस माह्या गाडीत नव्हताच. उद्या येऊन सांगणार होतो." दुसऱ्या घरी मेसेजच गेला नव्हता, ते पावती खिशात घेऊन बसले होते आणि कोणाला विचारावं याच विचारात होते. दोघांनाही पावती आणि पान एकत्र दाखवलं, कसं झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. दुसऱ्यांनी दोनदा विचारलं की परत असं झालं तर कळेल का. म्हटलं, आता बटनावर तुमचं नाव येते, आणि दाबायच्या आधी स्क्रीन तुमच्याकडे वळवते.

आज सकाळपासून तसंच केलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते. एका गाडीमागे अर्धा मिनिट जास्त जातो, मुलगा कुरकुरला, पण रांग काही लांबली नाही.

एक उरलं आहे. फोनवरून भरलं तर नाव आणि वजन असलेलं बटन दोन ओळींत मोडतं आणि 'रद्द करा' खाली सरकतं. बोट चुकायची भीती वाटते.


मोहफूल · बुधवार, रात्री ९:५५

डायलॉगची विड्थ दिली नसेल तर तो ३०० पिक्सेलचाच उघडतो, मराठी मजकुराला ते पुरत नाही. उघडताना खिडकीची रुंदी मोजा, तिच्यातून २० वजा करा आणि विड्थमध्ये द्या, पण ५०० च्या वर जाऊ देऊ नका. फोन आडवा केला की खिडकीच्या रिसाइझ घटनेवर हेच ऑप्शन परत बसवा, पेटी उघडी असली तरी लगेच सावरते. आणि 'रद्द करा' बटनांच्या पट्टीत ठेवूच नका, पेटीच्या आत वरच्या बाजूला घ्या. खाली एकच बटन राहील.


काट्यावरची · गुरुवार, सकाळी ७:०५

केलं. आता खाली एकच रुंद बटन आहे, त्यावर नाव एका ओळीत आणि वजन खालच्या ओळीत. पहिली गाडी लागली आहे, ओलावा ९.